घसाऱ्याच्या कोष्टकात न बसणारी मोटार

जुनी मोटार म्हटले की संस्थानिकांच्या वाड्यातील रोल्स रॉइस आणि वर्षातून एकदा निघणारी तिची दिमाखदार मिरवणूक डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु जुन्या मोटारींचे आणखी एक जग आहे, आणि ते पुष्कळसे साधे आहे. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन वडिलांनी विकत घेतलेली आणि त्यांच्या मागे मुलाने नेटाने चालती ठेवलेली फियाट ही त्या जगाची प्रतिनिधी होय. तिला वाड्याचा आसरा नसतो. सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली ती उभी असते. अशा मोटारीला एखाद्या वळणावर टेंपोची धडक बसते, डाव्या बाजूचे मडगार्ड, ग्रिल आणि बॉनेट चेपते, आणि वर्षानुवर्षे बिनचूक हप्ता भरणाऱ्या मालकाला सांगितले जाते की, गाडी दुरुस्त करणे परवडणारे नाही. ती ‘संपूर्ण नुकसान’ या सदरात गेली आहे. गाडीचे इंजिन चालू असते, चाके फिरत असतात, मिस्त्री पंधरा दिवसांत ती उभी करून देतो म्हणत असतो. मात्र कागदोपत्री ती मृत झालेली असते.

असे का व्हावे? विमा कंपनीची लबाडी हे या प्रश्नाचे सोपे उत्तर आहे. परंतु ते बहुधा चुकीचे आहे. खरे कारण अपघाताच्या दिवशी घडलेलेच नसते. ते त्यापूर्वी काही महिने, विम्याचे नूतनीकरण करताना, मालकाच्याच सहीने घडलेले असते.

क्षतिपूर्तीचे तत्त्व

विम्याचा करार क्षतिपूर्तीच्या तत्त्वावर उभा आहे. विमेदाराला नुकसानीपूर्वीच्या स्थितीत आणून ठेवावे, त्याहून वाईट स्थितीत नाही आणि चांगल्या स्थितीतही नाही, असे हे तत्त्व सांगते. १८८३ साली इंग्लंडमधील कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यात ते निःसंदिग्धपणे मांडले गेले आणि भारतीय विमाव्यवहारानेही ते स्वीकारले. त्यामागील विचार योग्यच आहे. चाळीस हजारांच्या मोटारीला अपघातानंतर चार लाख मिळू लागले, तर अपघात टाळण्याची इच्छाच उरणार नाही. अर्थशास्त्रात ज्याला नैतिक जोखीम म्हणतात ती हीच.

अडचण तत्त्वात नाही, मोजमापात आहे. मोटारीचे मूल्य काळाबरोबर घटत जाते, हे विमाव्यवहाराचे गृहीत आहे. २००२ सालच्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकाने त्यासाठी घसाऱ्याचे कोष्टकच घालून दिले. पहिल्या सहा महिन्यांत शेकडा ५, वर्षअखेरीपर्यंत १५, आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या दरम्यान ५० टक्के घसारा वजा करून मोटारीचे घोषित मूल्य ठरते. दरांवरील या पत्रकाचे बंधन २००७ साली सैल झाले; तथापि अटींचा साचा बव्हंशी तोच राहिला. नव्या मोटारीच्या बाबतीत हे कोष्टक वास्तवाला धरून आहे. परंतु एका मर्यादेपलीकडे जुन्या मोटारीचा आलेख उलटा वळतो. तिच्यासारख्या मोटारी भंगारात जात राहतात, पुरवठा आटतो आणि सुस्थितीतील मोटारीची किंमत चढू लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ सालापासून तयार होऊ लागलेली फियाट पुढे १९७४ साली पद्मिनी झाली. आता तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सीही निघून गेली. जी वस्तू पुन्हा निर्माण होणार नाही, तिला घसाऱ्याचे कोष्टक कसे लागू पडावे?

मौनाची किंमत

या ठिकाणी एक महत्त्वाची गोष्ट बहुसंख्य मालकांच्या ध्यानात येत नाही. पाच वर्षांपेक्षा जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या मोटारींना हे कोष्टक लागूच नाही. त्यांचे घोषित मूल्य विमा कंपनी आणि विमेदार यांच्या परस्परसंमतीने ठरावे, असे दरपत्रकानेच म्हटले आहे. शिवाय एकदा ठरलेले हे मूल्य, संपूर्ण नुकसानीच्या दाव्यापुरते, त्या वर्षभर बाजारभाव म्हणूनच धरले जाते. म्हणजे कायद्याने मालकाला बोलण्याची संधी दिली आहे. परंतु तो बोलत नाही. मागील वर्षाच्या आकड्यातून थोडी रक्कम कमी करून नवा आकडा घातला जातो. हप्ता थोडा उतरतो, मालक संतुष्ट होतो आणि एजंटाचे काम लवकर आटोपते.

या संतोषाची किंमत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका फियाटचे घोषित मूल्य ६०,००० रुपये आहे. अपघातानंतर मजुरीचा अंदाज ३२,००० आणि सुटे भाग व रंगाचे साहित्य यांचा ३२,००० असा एकूण ६४,००० रुपयांचा खर्च निघाला. दहा वर्षांहून जुन्या मोटारीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. रबर, प्लॅस्टिक आणि रंगाचे साहित्य यांवरही तितकाच. मजुरीवर मात्र घसारा नसतो. म्हणजे किरकोळ सक्तीची कपात बाजूला ठेवल्यास देय रक्कम ४८,००० रुपये होते. आता नियम असा की, दुरुस्तीचा देय खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की मोटार संपूर्ण नुकसानीत धरावयाची. ६०,०००चे ७५ टक्के ४५,००० होतात. तीन हजारांच्या फरकाने मोटार गेली!

आता मालकाला गाडी स्वतःकडे ठेवावयाची असेल, तर मोडक्या गाडीची किंमत भरपाईतून वजा होते. गंमत अशी की, धडधाकट असताना जिची किंमत कागदावर ६०,००० होती, त्याच गाडीच्या सांगाड्याला दुर्मीळ सुट्या भागांपोटी बाजारात ३०,००० सहज देऊ केले जातात. मालकाच्या हाती ३०,००० येतात आणि दुरुस्तीसाठी ३४,००० पदरचे घालावे लागतात. त्या वर्षाचा विमा संपुष्टात येतो आणि नोंदणीपुस्तकाचा घोळ निराळाच. याच मोटारीचे घोषित मूल्य १,२०,००० असते, तर ७५ टक्क्यांची मर्यादा ९०,००० झाली असती. कंपनीने ४८,००० दिले असते, मालकाने १६,००० घातले असते आणि मोटार महिन्याभरात रस्त्यावर आली असती. विम्याचा दर शेकडा तीन रुपये धरला, तर या सुरक्षिततेसाठी वर्षाला १,८०० रुपये अधिक पडले असते. ही बचत करताना मालकाने आपल्या मोटारीच्या मृत्युपत्रावरच सही केलेली असते.

मिस्त्रीचा हात आणि सर्व्हेअरची वही

मजुरीवर घसारा नाही, ही तरतूद जुन्या मोटारीच्या दृष्टीने मोलाची आहे. नव्या मोटारीचे मडगार्ड चेपले की ते बदलले जाते. जुन्या मोटारीचे ठोकून, तापवून, पत्र्याचा तुकडा जोडून सरळ केले जाते. पद्मिनीसारख्या मोटारीला वेगळी चौकट नाही, पत्र्याचे शरीर हीच तिची चौकट. त्यामुळे पुढच्या धक्क्याने दाराची फटही वाकडी होऊ शकते आणि ती सरळ करण्यास जाणत्या हाताची गरज लागते. नवा भाग मिळालाच तर त्याची निम्मीच किंमत विम्यातून मिळते. मिस्त्रीच्या श्रमाचे मात्र वाजवी मोल पूर्ण मिळू शकते. परंतु त्यासाठी बिलात मजुरी आणि साहित्य वेगळे दाखविलेले असले पाहिजे. रंगकामाचे बिल एकत्र असेल तर त्याचा चौथा हिस्सा साहित्य समजून त्यावर घसारा कापला जातो. आपल्याकडील कुशल पत्राकारागीर कागदाच्या चिटोऱ्यावर ‘एकूण काम’ असा एकच आकडा लिहून देतो. सर्व्हेअरपुढे त्या चिटोऱ्याचे मोल फारसे नसते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्यात हिंडून जुना भाग मिळविला, तर त्याची पावती मिळण्याचीच मारामार. जे ज्ञान हातात आहे ते कागदावर उतरत नाही, आणि कागदावर न उतरलेले विम्याला दिसत नाही.

म्हणून जुन्या मोटारीच्या मालकाने काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे, झालेल्या कामांच्या पावत्या आणि शक्य तर जाणकाराचे मूल्यांकन नूतनीकरणापूर्वीच कंपनीला द्यावे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावयाचे नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये. अपघातानंतर तत्काळ कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी उघडू नये; बदललेले भाग फेकू नयेत. सर्व्हेअरचा अहवाल मागून घ्यावा. निर्णय अमान्य असेल तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून नंतर विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. ज्याने केवळ त्रयस्थ पक्षाचा सक्तीचा विमा उतरविला आहे, त्याला स्वतःच्या गाडीसाठी आपल्या कंपनीकडून काहीच मिळत नाही. चूक समोरच्या वाहनाची असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते.

दोन पुस्तके, दोन वये

तथापि सारा भार मालकाच्या दक्षतेवर टाकून धोरणकर्त्यांना मोकळे होता येणार नाही. जिच्या मूल्याबद्दल वादच होऊ नये अशी सोय विमाव्यवहारात आहे. तिला संमत मूल्याचा करार म्हणतात. उभय पक्षांनी आरंभीच आकडा मान्य करावयाचा आणि गाडी पूर्णतः नष्ट झाल्यास घसारा न कापता तेवढी रक्कम द्यावयाची. परंतु २००२च्या दरपत्रकाने ही सवलत केवळ ‘व्हिंटेज’ मोटारींना दिली आणि व्हिंटेज म्हणजे १९४०च्या अखेरीपूर्वी बनलेली मोटार अशी व्याख्या केली. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप राखलेल्या, खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हिंटेज ठरविले. तेव्हा १९७४ची पद्मिनी परिवहन खात्याच्या पुस्तकात व्हिंटेज होण्यास पात्र ठरते. दरपत्रकाच्या पुस्तकात ती केवळ जुनी, घासलेली मोटार राहते. त्यातही परिवहन नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदलेले वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल यांपुरतीच त्याला मुभा. म्हणजे मान मिळवावा तर वापर सोडावा लागतो, आणि वापर ठेवावा तर मोल मिळत नाही.

यातून मार्ग काढणे कठीण नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आणि स्वतंत्र मूल्यमापकाने तपासलेल्या मोटारींना संमत मूल्याचा विमा सर्वत्र आणि विनासायास मिळावा. मूल्य अवास्तव फुगविले जाण्याचे भय असेल, तर ठरावीक वर्षांनी फेरतपासणी ठेवता येईल. पत्राकामाचे श्रम आणि साहित्य यांची वेगळी नोंद करणारा एक साधा छापील नमुना कंपन्यांनी लहान गॅरेजांना दिला, तर निम्मे वाद जागीच मिटतील.

हा काही मूठभर हौशी लोकांचा प्रश्न नाही. नवे घेणे हेच स्वस्त, असे जेव्हा कोष्टकच सांगू लागते, तेव्हा मोटारीबरोबर दुरुस्तीची विद्याही भंगारात जाते. पत्रा ठोकून जुळविणाऱ्या कारागिराचा मुलगा उद्या ते काम शिकणार नाही. कारण त्याच्या श्रमाची किंमत देणारी गाडीच उरलेली नसेल. तो दिवस लांबवावयाचा असेल, तर धोरण बदलेपर्यंत मालकाने एवढे तरी करावे: पुढील नूतनीकरणाच्या वेळी सही करण्यापूर्वी घोषित मूल्याचा रकाना नीट वाचावा आणि तेथील आकडा मान्य नसेल तर तसे लेखी कळवावे.