पाठ्यपुस्तकाचं आयुर्मान

कॉलेजच्या पुस्तकाची किंमत दोनदा ठरते. पहिली प्रकाशक ठरवतो आणि मागच्या बाजूला छापतो. दुसरी विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, आणि ती कुठेच छापलेली नसते. अभ्यासक्रम तोच राहिला, तर यंदा घेतलेलं पुस्तक पुढच्या जूनला निम्म्याशिम्म्या भावात दुसऱ्याच्या दप्तरात जातं. बदलला, तर रद्दीवाल्याच्या तराजूत. गिरगाव, परळ, दादर ते माटुंगा या पट्ट्यातली दुकानं, फुटपाथ आणि पुस्तकपेढ्या यांचा निम्मा धंदा आणि बराचसा परोपकार या दुसऱ्या किमतीवर चालतो.

सगळ्यांत दीर्घायुषी पुस्तकं परळची. केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून आजतागायत माणसाच्या अंगात एकही हाड वाढलेलं नाही. बी. डी. चौरसिया यांचं शरीररचनाशास्त्राचं पुस्तक १९७९ साली आलं. पुढे रंगीत आकृत्या आल्या, खंड वाढले, लेखकामागे संपादकांनी आवृत्त्या चालू ठेवल्या. पण दोन-तीन आवृत्त्या जुना संच घेऊनही पहिलं वर्ष निभावतं. अशा पुस्तकाच्या समासात आधीच्या दोघा-तिघांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या खुणा असतात आणि घेणाऱ्याला त्याही हव्याच असतात. हाडांचा सेटही असाच सीनियरकडून ज्युनियरकडे जात आला. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती पेटी पलंगाखाली ठेवायची की पोटमाळ्यावर, आणि देव्हाऱ्यापासून किती लांब, यावरून आईशी वाद घातला नाही असा लालबाग-परळचा डॉक्टर विरळाच! औषधशास्त्राला मात्र ही सवलत नाही. तिथे जुनी आवृत्ती म्हणजे जुनी औषधं, आणि तिथे काटकसर करू नये.

कायद्याच्या पुस्तकांना इतकं आयुष्य नसलं तरी भारतीय दंड संहितेवर सगळ्यांचा भरवसा होता. १८६०चा कायदा, मोठ्या भावाचा बेअर अ‍ॅक्ट धाकट्याला चालायचा, मधल्या दुरुस्त्या पेन्सिलीनं लिहून घेतल्या की झालं. १ जुलै २०२४ रोजी ती संहिता, १८७२चा पुरावा कायदा आणि १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता, असे तिन्ही एकदम गेले. ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमं आली. ज्या ३०२ आणि ४२०वर मराठी सिनेमे आणि नाक्यावरच्या शिव्या पोसल्या, ती कलमं आता १०३ आणि ३१८ झाली. प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे आताचा शामलदास गांधी मार्ग. तिथल्या कायद्याच्या दुकानांतून तेव्हापासून जुनी-नवी कलमं शेजारीशेजारी मांडणारे तक्ते घेऊन जाणं विद्यार्थ्यांना भाग पडलं. गंमत अशी, की १ जुलैपूर्वीचे गुन्हे जुन्याच दंड संहितेखाली चालतात. म्हणून वकिलाच्या कपाटात ते जाड भाष्य अजून दिमाखात आहे, विद्यार्थ्याच्या टेबलावर मात्र त्याचा उपयोग संपत आला.

वाणिज्य शाखेला अशा धक्क्यांची सवय आहे. करविषयक पुस्तक अर्थसंकल्पागणिक शिळं होतं, आणि आता तर १९६१चा आयकर कायदाच बाजूला सारून २०२५चा कायदा आला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. त्यामुळे बी.कॉम.चा विद्यार्थी जुनं पुस्तक शोधत बसत नाही. विपुल, मनन, शेठ या प्रकाशनांची सत्रापुरती पुस्तकं घेतो आणि परीक्षा झाली की विसरतो. सहामाही सत्रं आल्यापासून एका वर्षाच्या ग्रंथाचे दोन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याचं आयुष्य पाच महिन्यांवर आलं. या बाजाराची मुळं गिरगावातही आहेत. हिमालया पब्लिशिंग हाऊसचा पत्ता केळेवाडीतल्या डॉ. भालेराव मार्गावरचा, मुंबई मराठी साहित्य संघाच्याच रस्त्यावरचा. एकाच गल्लीत नाटकाच्या तालमी आणि कॉस्ट अकाउंटिंग! शाळकरी पोरांना ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पुरवणाऱ्या नवनीतचं मुख्यालय दादरला भवानीशंकर रोडवर, आणि छबिलदास शाळेजवळच्या आयडियल या पुस्तकांच्या दुकानाचं नाव तर दहीहंडीमुळे पुस्तकं न वाचणाऱ्यांनाही ठाऊक.

अभियांत्रिकीचा खरा बाजार माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला, व्हीजेटीआयपासून हाकेच्या अंतरावर. ती संस्था १९२३ साली माटुंग्याला आली. आणंदच्या चरोतर प्रकाशनाचं एन. डी. भट्ट यांचं ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’ इथे हातोहात फिरतं. पद्धत साधी आहे: छापील किमतीहून बऱ्याच कमी भावात पुस्तक घ्यायचं, परीक्षा संपल्यावर धड स्थितीत आणून द्यायचं, ठरलेला वाटा परत मिळतो. मधला फरक म्हणजे भाडंच. म्हणून जाणती मुलं पहिल्या पानावर पेनानं नाव टाकत नाहीत आणि पाठीला ब्राऊन पेपर घालतात, कारण जुलैच्या पावसात भिजलेलं पुस्तक विक्रेता हातातही धरत नाही. फ्लोरा फाउंटनचे पुस्तकवाले २००५ साली महापालिकेनं उठवले, पुढे काही परत बसले, पण तिथे पाठ्यपुस्तकांपेक्षा कादंबऱ्यांचा पसारा मोठा होता. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याचं ठिकाण माटुंगाच.

पुस्तकांपेक्षा वह्या-शाईची गोष्ट बरी. त्यांना अभ्यासक्रम बदलल्याचं सोयरसुतक नसतं. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी गिरगावात शाईची भुकटी आणि वड्या करायला घेतल्या. छाप होता घोड्याचा. वडी पाण्यात विरघळवली की दौत तयार. पुढे घोड्याचा उंट झाला, कॅमल शाई आणि कॅमलिन हे नाव घरोघर गेलं. रंग, कंपासपेट्या, पेन्सिली सगळं आलं. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीनं त्यातला मोठा वाटा घेतला. गिरगावातून निघालेल्या उद्योगांपैकी इतक्या लहान वस्तूवर इतका मोठा झालेला दुसरा मला तरी आठवत नाही.

ठोक खरेदीला क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. चार-पाच मैत्रिणींनी मिळून डझनानं लाँगबुकं आणि पेनं घ्यावीत, गाठोडं घरी आणून वाटून घ्यावं, ही रीत जुनी. त्याहून जुनी रीत बाइंडरची. मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं उपटून, फुलस्केपचा एखादा दस्ता जोडून, रफवही शिवून घ्यायची. २२ सप्टेंबर २०२५पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला आणि कंपासपेटीवरचा १२वरून ५ टक्क्यांवर आला. छापील पुस्तकांवर तो आधीपासूनच नव्हता.

लालबाग-परळला जून म्हणजे वह्यावाटपाचाही महिना. शाखा, मंडळं, नगरसेवक, सगळ्यांचं वाटप, आणि वहीच्या पुठ्ठ्यावर साहेबांचा फोटो. पोरं त्यावर खाकी कागद चढवतात आणि आतलं पान वापरतात. माझ्या मते त्याहून शहाणपणाचं काम पुस्तकपेढ्यांचं. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाची पुस्तकपेढी आहे, १९३४ साली सुरू झालेल्या लालबागच्या राजाच्या मंडळाचीही. संच न्यायचा, वर्ष संपलं की आणून द्यायचा. पण अभ्यास मंडळाच्या त्या अदृश्य किमतीचा सगळ्यात मोठा फटका पेढीलाच बसतो. एकट्या विद्यार्थ्याची चार पुस्तकं वाया जातात, पेढीचं अख्खं कपाट.

नव्या शैक्षणिक धोरणानं नेमकं हेच झालं. २०२४-२५पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत प्रथम वर्षाला मेजर, मायनर, खुले ऐच्छिक विषय, भारतीय ज्ञानप्रणाली अशी नवी मांडणी आली. नवी पुस्तकं लिहून, छापून बाजारात यायला वेळ लागतो. लेक्चर मात्र थांबत नाहीत. अशा वेळी कॉलेजच्या दाराशी असलेला झेरॉक्सवाला प्राध्यापकापेक्षा महत्त्वाचा होतो. दिल्लीत ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा लावला होता. सप्टेंबर २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो फेटाळला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अध्यापनासाठी सवलत आहे, तिच्या आधारे. डिसेंबरमध्ये खंडपीठानं काही मुद्दे पुन्हा सुनावणीला पाठवले, आणि मार्च २०१७मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. अख्खं पुस्तक बाइंडिंग करून विकायचा परवाना त्यातून मिळाला असं समजणं मात्र धाडसाचं.

तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांनी लेक्चर सुरू होऊन दोन आठवडे तरी खरेदी थांबवावी, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अभ्यासक्रमाचं वर्ष वाचावं, आणि एका वर्षानं पुढे असलेल्या कुणाला तरी गाठून कोणतं पुस्तक उघडलंच नाही ते आधी विचारावं. मुंबई विद्यापीठाच्या १९७१ साली सुरू झालेल्या दूरशिक्षण विभागात ही विवंचना तितकी नसते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी असलेल्या त्या विभागात अध्ययन साहित्य विद्यापीठच तयार करून देत आलं आहे, म्हणजे अभ्यासक्रम बदलला की नवं साहित्य तयार करण्याची जबाबदारीही विद्यापीठाचीच.