सायकलवरून सावली

वडोदरा ते सावली अंतर साधारण ३० किलोमीटर. गाडीनं गेलात तर रस्ता एकदम सपाट, थोडा कंटाळवाणाच. सायकलनं किंवा पायी गेलं की या सपाटीला कुठे कुठे चिरा पडल्यात ते कळायला लागतं. गुजरातीत त्यांना ‘कोतर’ म्हणतात, आपण घळ म्हणू.

पहिली कोतरं भर शहरातच आहेत, विश्वामित्रीच्या काठी. पावागडाकडून येणाऱ्या या नदीला शहरात भरपूर वळणं आहेत. पूर आला की वाढलेलं पाणी आधी या घळींत पसरतं. मगरीही तिथल्याच. पुलावरून भरधाव जाताना नुसती झाडी दिसते. काठानं चाललं की त्यात ओतलेला बांधकामाचा राडारोडा दिसतो. घळ बुजवली तर तेवढं पाणी दुसरीकडे कुठेतरी जाणारच ना? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. पाऊस प्रचंड होता हे खरं, पण पाण्याची हक्काची जागा आपणच कमी करत आणलीय, हेही तितकंच खरं.

पुढे मंजुसरचे कारखाने लागतात. दिल्ली मेट्रोचे कितीतरी डबे याच सावली भागात तयार झालेत, बरं का!

सावलीचं नाव मराठी इतिहासातही आहे. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजीराव गायकवाडांची हत्या झाली, तेव्हा त्यांचा देह मही ओलांडून इथे आणला आणि इथेच अग्नी दिला. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. महीकाठी उभं राहिल्यावर ‘ओलांडून’ या शब्दाचं वजन कळतं. शेत चालू असतं आणि अचानक जमीनच संपते. खाली घळींचं जाळं, त्यापलीकडे नदी.

ही जमीन म्हणजे नदीनंच फार पूर्वी आणून टाकलेला गाळ, मऊ आणि वाळूमिश्रित. पात्र खोल गेलं, तसं शेतांवरून उतरणारं पावसाचं पाणी काठ कापत मागे मागे सरकलं. झाडं आणि गवत असेल तिथे कापणं मंदावतं. उघड्या बांधावर एका पावसाळ्यातही फरक दिसतो.

खाली महीच्या पात्रात फ्रेंच विहिरी आहेत. रायका, दोडका, पोइचा इथल्या या विहिरींत वाळूच्या थरांतून गाळलेलं पाणी आडव्या नळ्यांनी गोळा होतं आणि तेच वडोदऱ्याच्या नळांना येतं. म्हणजे वाळू उपसली तर नुकसान फक्त नदीचं नाही. शहराची गाळणीच जाते.