आडनावांचे लेखनभेद (वंशावळ संशोधन)

आडनावांचे लेखनभेद म्हणजे एकाच घराण्याचे आडनाव निरनिराळ्या कागदपत्रांत निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाणे. वंशावळीचा शोध घेताना या भेदांकडे दुर्लक्ष झाल्यास घराण्याची एखादी शाखा नोंदीत असूनही सापडत नाही.

मराठी आडनावांत असे भेद मुख्यतः लिपी बदलताना निर्माण झाले. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ इकार व उकार यांतील फरक सहसा पाळला जात नाही. बालबोधीत उतरवताना तो वाचकाला ठरवावा लागतो. रोमन लिपीत अडचण याहून मोठी आहे. इंग्रजी दप्तरांत ग्वाल्हेरचे शिंदे 'सिंदिया' झाले, बडोद्याचे गायकवाड 'गायकवार' आणि धार व देवासचे पवार 'पुआर'. गोव्यात १९६१ पर्यंत टिकलेल्या पोर्तुगीज राजवटीत प्रभूंचे 'पोरोबो' व शेणैंचे 'सिनाय' झाले. पोर्तुगीज लेखनात 'के' हे अक्षर सहसा येत नसल्यामुळे काकोडकर हे आडनाव 'सी'ने लिहिले गेले.

ध्वनीनुसार शोध

लेखनभेदांवर उपाय म्हणून रॉबर्ट रसेल यांनी अमेरिकेत १९१८ मध्ये 'साउंडेक्स' या पद्धतीचे एकस्व घेतले. पुढे तेथील जुन्या जनगणनांच्या सूचींसाठी ती वापरली गेली. या पद्धतीत रोमन आडनावाचे पहिले अक्षर कायम ठेवून पुढील व्यंजनांना अंक देतात. स्वर गाळले जातात.

मराठी आडनावांना ही पद्धत अर्धवटच लागू पडते. शिंदे आणि सिंदिया या दोहोंचा संकेत एस-५३० येतो, पण 'स्मिथ' या इंग्रजी आडनावाचाही तोच येतो. गायकवाड (जी-२३०) आणि गायकवार (जी-२६०) मात्र वेगळे पडतात, कारण 'डी' व 'आर' यांचे अंक भिन्न आहेत. पहिले अक्षर बदलले की पद्धत निरुपयोगी ठरते: काकोडकरचा संकेत एकदा के-२३२ व एकदा सी-२३२ येतो. वाघ, वैद्य यांसारखी आडनावे 'व्ही' किंवा 'डब्ल्यू' यांपैकी कशानेही सुरू होत असल्याने सूची दोन्ही अक्षरांखाली पाहावी लागते.

याउलट, आडनाव तंतोतंत जुळले तरी नाते सिद्ध होत नाही. 'कर' प्रत्ययान्त आडनावे बहुधा गावावरून पडलेली असून एकाच गावातून बाहेर पडलेल्या, परस्परांशी संबंध नसलेल्या घराण्यांनी तेच आडनाव घेतलेले आढळते. म्हणून वडील व आजोबांची नावे, मूळ गाव, गोत्र किंवा कुलदैवत यांच्याशी नोंद ताडून पाहतात.