वृद्धांचा तोल आणि पायांतील जोडा

वृद्ध माणूस घरांत पडला, कीं दोष ओल्या फरशीला, उंबरठ्याला, नाहीं तर त्याच्या वयाला दिला जातो. त्या वेळीं त्याच्या पायांत काय होतें, हें क्वचितच कोणी विचारतें. वास्तविक खुब्याचें हाड एकदां मोडलें म्हणजे चालताफिरता गृहस्थ कायमचा परावलंबी होऊं शकतो. तेव्हां जोड्याची चौकशी क्षुल्लक नव्हे.

शरीराचा तोल डोळे, अंतःकर्ण आणि पाय या तिघांच्या वर्दीवर राखला जातो. भार टाचेवर आहे कीं चवड्यावर, जमीन कोणीकडे कलली आहे, हें तळव्याची त्वचा व घोट्याचे स्नायू मेंदूला क्षणोक्षणीं कळवीत असतात. उतारवयांत ही वर्दी मंद होते. मधुमेह असल्यास पुष्कळदां अधिकच. अशा पायाखालीं जाड, गुबगुबीत तळ घातला, तर उरलेलें वर्तमानहि वाटेंतच विरतें. घरांतील एखाद्या तरुणानें गादीवर एका पायावर उभें राहून पाहावें, म्हणजे हें पटेल. वृद्धांनीं मात्र हा प्रयोग करूं नये! १९९२ सालीं कॅनडांतील स्टीव्हन रॉबिन्स व त्यांचे सहकारी यांनीं वृद्ध पुरुषांना निरनिराळे जोडे घालून तुळईवर चालविलें, तेव्हां पातळ व कठीण तळाच्या जोड्यांनीं तोल अधिक चांगला राहिला.

मग अनवाणीच कां चालूं नये? २००४ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील वृद्धांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. कॅन्व्हासचे किंवा खेळाचे बूट घालणारांना पडण्याचा धोका सर्वांत कमी, आणि अनवाणी वा नुसत्या मोज्यांनीं वावरणारांना फारच अधिक, असें तींत आढळलें. मात्र अनवाणी पाय व निसरडे मोजे तेथें एकाच रकान्यांत घातले होते. जन्मभर घरांत अनवाणी वावरलेल्या आपल्याकडील पायांना तो निकाल जसाच्या तसा लावणें घाईचें होईल.

खरा संशय घ्यावा तो सैल सपातांचा. मागें पट्टा नसल्यानें त्या निसटूं नयेत म्हणून बोटें आवळावीं लागतात, पाऊल फरफटतें, आणि उंबरठ्याशीं अडखळतें. उंबऱ्याबाहेर जोडे काढण्याची चाल मोडण्याचें कारण नाहीं. केवळ घरांत वापरावयाचा, रस्ता न पाहिलेला, एक निराळा जोड ठेवावा. त्याला बंद किंवा पट्टा असावा, टाच बसकी व रुंद असावी, तळाला खांचा असाव्या. झिजून गुळगुळीत झालेला जोड काटकसरीपायीं वापरूं नये. नवा घ्यावयाचा तर सायंकाळीं घ्यावा. दिवसभरांत पाय किंचित् सुजलेले असतात.