गाडीला पाळीचा ताप

हिवतापाचा रोगी दवाखान्यात येतो तेव्हा कधीकधी त्याचे अंग अगदी थंडगार असते. मग डॉक्टर विचारतात, ताप केव्हा चढतो? किती वेळ राहतो? अवजड ट्रकचेही असेच होते. तापमानाचा लाल दिवा घाटात लागतो, उतारावर विझतो आणि गॅरेजात गाडी नेली की पेटायचे नावच घेत नाही. 'काही नाही हो, चालवा खुशाल,' असे म्हणून मिस्त्री मोकळा होतो. पण दिवा खरा असेल तर हेड वाकते, गॅस्केट जाते, इंजिन जाम होते. मालकाची वर्षाची कमाई त्यात जाते.

तेव्हा पहिले औषध म्हणजे एक साधी वही. दिवा केव्हा लागला, रस्ता कसा होता, माल किती, गिअर कोणता, काटा हळूहळू चढला की एकदम, हे ड्रायव्हरने लिहून ठेवावे. निम्मे निदान त्यातच होते.

समजा, खताची पोती भरून गाडी मुंबईहून नाशिककडे निघाली आहे. कसारा घाटात काटा हळूहळू चढतो आणि इगतपुरीनंतर उतरतो. हा ताप खरा समजावा. चढणीला इंजिन सारी ताकद लावते, पण वेग कमी, म्हणून समोरचा वारा मिळत नाही. सगळी मदार पंख्यावर. अशा वेळी रेडिएटरच्या जाळीत धूळ, काडीकचरा बसला आहे का, पट्टा सैल आहे का, पंख्याचा क्लच नीट पकडतो का, हे बघावे.

सपाट रस्त्यावर, भरपूर वारा लागत असतानाही काटा चढत असेल तर संशय पाण्याच्या फिरण्यावर घ्यावा. थर्मोस्टॅट अडकतो, पंप थकतो किंवा रेडिएटर आतून गाळाने भरतो. आणि इंजिन थंड असताना सुरू करताच टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

आता खोटा ताप. गाडी रिकामी, रस्ता सपाट, पण खड्डा आला की काटा टुणकन वर उडतो नि लगेच खाली येतो. विचार करा, मणावारी लोखंड आणि इतके पाणी एका क्षणात तापेल नि निवेल कसे? इथे दोष वायरीचा. बहुतेक गाड्यांतल्या सेन्सरचा विद्युत्-रोध उष्णता वाढली की घटतो. त्याची वायर घासून चासीला टेकली की काट्याला वाटते, इंजिन तापले. जोडाचा गंज, ढिली अर्थ, हेही पाहावे. नव्या गाडीत संगणकाने नोंदलेला दोष वाचून घ्यावा. तरीही खात्री दुसऱ्या तापमापकाने इंजिनापाशी मोजूनच करावी. अंदाजाने दिवा खोटा ठरवू नये.

शिक्षकबंधूंना एक गोष्ट वर्गात सांगता येईल. समुद्रकाठी पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, महाबळेश्वरी सुमारे ९५ ला. पण कुकरसारखे झाकण लावून दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा जादा दाब दिला, तर तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटरचे टोपण हेच काम करते. त्याचे रबर झिजले की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. टोपण लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हे.

म्हणूनच तापलेल्या गाडीचे टोपण कधीही उघडू नका. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर उसळते. दिवा लागला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. वाफ निघत असेल किंवा पाणी गळत असेल तर इंजिन बंद करा. ते पुरते निवू द्या, मगच पाणी पाहा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो.

दिवा विझला म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. तो पुन्हा लागण्याआधी वही उघडा.