शटरचा रिमोट : जोडणी मालकाने स्वतः शिकून घ्यावी

रविवार पेठ, लक्ष्मी रोड, कॅम्प या भागांतील दुकानांतून आता मोटारीवर चालणारी शटर दिसतात. बटण दाबले की शटर खाली, रिमोट खिशात आणि मालक जुमाच्या नमाजला रवाना. सोय मोठी आहे. परंतु रिमोट ही दुकानाची किल्लीच आहे, याचा विचार बसवताना सहसा होत नाही. कुलपाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे व्यापारी तोंडपाठ सांगतो. शटर किती रिमोटवर उघडते असे विचारले, तर ‘फिटरला माहीत’ असे उत्तर मिळते!

मोटारीजवळ एक छोटी डबी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. प्रत्येक रिमोटचा स्वतःचा गुप्त आकडा असतो. रिसीव्हरवरील ‘लर्न’ बटण दाबून दिवा लागला की रिमोटचे बटण दाबावे. दिवा लुकलुकला म्हणजे आकडा नोंदला गेला. बहुतेक डब्यांत तेच ‘लर्न’ बटण काही सेकंद दाबून धरले की सर्व नोंदी पुसल्या जातात. नेमकी पद्धत कंपनीगणिक बदलते, म्हणून सोबतचा कागद सांभाळून ठेवावा. त्यावरील इंग्रजी कित्येकदा अगम्य असते, ही गोष्ट वेगळी.

फिटरचे बिल चुकते करण्यापूर्वी सगळे रिमोट गल्ल्यावर ठेवून घ्यावेत, जुन्या नोंदी पुसाव्यात आणि आपल्यासमोर एकेक रिमोट पुन्हा जोडावा. रिमोट हरवला किंवा नोकर काम सोडून गेला, तरी हेच करावे. पाच मिनिटांचे काम आहे.

स्वस्त रिमोटचा आकडा कायम तोच राहतो आणि त्याची नक्कल बाजारात सहज करून मिळते. ‘रोलिंग कोड’च्या रिमोटमध्ये प्रत्येक वेळी आकडा बदलतो. चार पैसे जास्त पडले तरी तोच मागावा. रिमोट जवळूनच चालू लागला तर आधी त्याचा सेल बदलावा. तरीही फरक पडला नाही, तर रिसीव्हरची लोंबणारी तार पाहावी. साधारण १७ सेंटिमीटरची ही तार म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झचा अँटेना होय. काही कारागीर ती गुंडाळून पत्र्याच्या पेटीत कोंबतात, मग लहरी पोहोचणार कशा?

आता सर्वांत महत्त्वाची बाब. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली. दुकान बाहेरून बंद होते. आत झोपलेले पाच कामगार मरण पावले. तेथे प्रश्न रिमोटचा नव्हता, पण कापडाच्या धंद्यातील प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी. आगीत वीज प्रथम जाते आणि वीज गेली की रिमोट निरुपयोगी. साइड मोटारीला हाताने ओढायची साखळी असते. ती आतल्या बाजूस आहे ना, हे बसवतानाच पाहावे. मधल्या मोटारीच्या शटरला ब्रेक सोडण्याची दोरी असते, ती आतून हाताला लागली पाहिजे. मागे दार असेल तर त्याला आतून कडी असावी, बाहेरून कुलूप नको. शक्यतो रात्री आत कोणाला झोपूच देऊ नये.

महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून प्रत्येक नोकराला शटर हाताने उघडायला लावावे. ईद-दिवाळीच्या मोसमात माल वाढतो, तेव्हा साखळीसमोर ताग्यांची थप्पी लागलेली नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावे.