पैसा आणि पाणलोट (भाग ९) : लोकवाटा उसना आणू नका

आज ठरलेला अंदाजपत्रकाचा विषय पुढच्या रविवारवर ढकलतोय. पारनेर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न डावलून पुढे जाववेना. ते विचारतात, ‘पाणलोट कामासाठी गावाने द्यायचा लोकवाटा पतसंस्थेतून कर्ज काढून एकरकमी भरला, तर आमचा प्रस्ताव लवकर सरकेल का?’

प्रस्ताव सरकेलही. काम मात्र बसेल.

१९९२ मध्ये सुरू झालेला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आठवा. त्यामागे होते फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडहून आलेले जेसुइट धर्मगुरू. पैसा जर्मन सरकारचा. केएफडब्ल्यू बँकेमार्फत तो नाबार्डकडे यायचा. गावांची तयारी करून घ्यायला १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली. गावाला मिळणारी रक्कम अनुदानाची, परतफेड नाही. तरी लोकवाट्याची अट होती : अकुशल मजुरीच्या किमान १६ टक्के श्रमदान. भूमिहीनांना त्यातून सूट.

हिशेब करून बघा. सहा दिवस समतल चर खणले की त्यातला जवळजवळ एक दिवस बिनपगारी. रक्कम किरकोळ दिसते. पण ज्याने उन्हात टिकाव मारलाय, तो आपल्या चरात कुणाचं जनावर उतरू देत नाही, आणि पावसाळ्यानंतर गाळ काढायलाही तोच जातो. कर्जाच्या पैशाने हे घडत नाही. वर हप्ता कोण फेडणार यावरून भांडण, ते वेगळंच.

दुसरी पळवाट याहून वाईट. ठेकेदार म्हणतो, ‘वाटा मी भरतो, तुम्ही फक्त सह्या करा.’ तो पदरमोड करत नाही, चराच्या खोलीतून वसूल करतो. मोजमाप पुस्तकात दोन फूट, जागेवर दीड.

मग कर्ज वाईटच का? नाही. १९९९-२००० मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी घालून पाणलोट विकास निधी उभारला. त्यात अनुदानासोबत कर्जाचीही सोय होती, पण कर्जदार राज्य सरकार, गाव नव्हे. कारण उघड आहे. माथ्यावरच्या चरातून हप्ता निघत नाही. विहिरीला पाणी चढलं की ठिबक, मोटार, दुभती गाय यांसाठी कर्ज काढावं. तिथे महिन्याला चार पैसे हाती येतात.

आता माझा आवडता मुद्दा. खरा लोकवाटा १६ टक्क्यांत मावतच नाही. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६ साली काम सुरू झालं, तेव्हा चराईबंदीला मेंढपाळ कुटुंबांचा विरोध होता. साहजिकच होता. बागायतदाराला डोंगर बंद झाल्याने काही फरक पडत नाही. ज्याची सगळी मिळकत चार शेळ्या, त्याने त्या कुठे न्यायच्या? शेवटी डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद झाला. म्हणजे सर्वांत मोठा वाटा भरला तो सर्वांत कमी जमीन असलेल्यांनी, आणि प्रस्तावाच्या नमुन्यात त्याला रकानाच नाही. हा वाटा कुठली पतसंस्था भरणार?

तेव्हा ‘गाव लोकवाटा भरण्यास तयार आहे’ अशा एका ओळीच्या ठरावावर थांबू नका. कोणती वस्ती कोणत्या महिन्यात किती दिवस श्रमदान करणार, सूट कुणाला, डोंगराचा कोणता भाग कधी बंद, त्या काळात शेळ्यांना चारा कुठून, देखभाल निधीचं खातं कुणाच्या सह्यांनी चालणार, हे ग्रामसभेत वाचून दाखवून लिहा. चाऱ्याच्या कलमावर सभा तापेल. तापू द्या. काम सुरू झाल्यावर तापण्यापेक्षा ते बरं.